पाच घरांचं अंगडं

मी बुऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. मूल खोटं बोलायला लागलं की मला ते त्याच्या तोंडाआधी कानांवरून कळायचं. कान लाल व्हायचे. पाटी हरवली म्हणणाऱ्याची पाटी कुठे आहे आणि पोटात दुखतंय म्हणणाऱ्याचं खरं काय दुखतंय, हे मी उभ्या उभ्या सांगायची. बाईंसमोर थापा चालत नाहीत, असं सगळे म्हणत. मला त्याचा गर्व होता, आता लपवून काय करू. आणि त्याच बाईंनी आयुष्यात जी एक मोठी थाप मारली, ती एका शब्दाची होती आणि कुणालाही पकडता आली नाही.

तो शब्द मी मुलांच्या डॉक्टरांसमोर बोलले. माझा नातू, माझ्या एकुलत्या एका लेकीचा पहिला मुलगा, तेव्हा अडीच महिन्यांचा होता. बाळंतपणासाठी आलेली लेक अजून माझ्याकडेच, बुऱ्हाणपूरच्या शनवारा मोहल्ल्यात होती. बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरायचा, पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. जुलाब थांबत नव्हते. वजन जन्मापासून जेमतेम अर्धा किलो वाढलं होतं. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघी होतो. मी, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली लेक, आणि नातवाला बघायला निंबोल्याहून आलेल्या तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई.

डॉक्टर तरुण होते, मोठ्या शहरात शिकून नुकतेच गावात आलेले. त्यांनी बॅटरी लावून बाळाचा घसा बराच वेळ पाहिला. गळ्याशी, काखेत बोटांनी चाचपलं. मग पेन खाली ठेवून मला विचारलं, "माँजी, लड़की के मायके में कोई लड़का छोटी उमर में गुज़रा है क्या? आपका भाई, आपका बेटा, कोई भी?"

विहीणबाईंनी पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नहीं," मी म्हणाले.

"पक्का?"

"पक्का."

डॉक्टरांच्या मनात काहीतरी आलं होतं, ते मला दिसत होतं. वर्गात उत्तर ओठांवर आलेलं मूल मला ओळखता येतं. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी ते सोडून दिलं. तोंडात लावायचं औषध, जुलाबाची पुडी लिहून दिली आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. बाहेर पडताना मी बाळाला माझ्याकडे घेतलं आणि रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी भांडले, म्हणजे मी अगदी नेहमीसारखी वागले.

आता खरं काय ते सांगते.

माझे दोन भाऊ होते. दोघेही माझ्यापेक्षा लहान, दोघेही वर्षाच्या आत गेले. पहिला गेला तेव्हा मी चार वर्षांची होते, त्याचं मला फक्त रडणं आठवतं, कारण ते शेवटी शेवटी अगदी बारीक झालं होतं. दुसरा झाला तो आमचं निमाड नव्या मध्य प्रदेशात आलं त्या दिवसांत. वडील तहसिलात कारकून. तिथे आता सगळं हिंदीत लिहायचं होतं, आणि वडील घरी येऊन पाटीवर हिंदी शब्द गिरवत, मी त्यांच्या शेजारी बसून मराठी. "आपण दोघं एकाच वर्गात," असं ते म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं.

दुसऱ्या भावाच्या वेळी आईने ठरवलंच होतं की याला वाचवायचं. ज्या घरी पोरं वाचत नाहीत त्या घरी जे करतात ते सगळं तिने केलं. बाळाला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने ते "सापडलं" म्हणून आणून दिलं, म्हणजे ते आमचं नाही असं नशिबाला वाटावं. उजवी नाकपुडी टोचली. आणि पाच घरांतून त्याच्यासाठी कपडा मागून आणला. घरं निवडून, जिथे मुलगे धडधाकट हिंडताहेत अशी. मागायला मला पाठवलं. मी दारात उभी राहून म्हणायची, "आमच्या बाळाला एक जुनेर द्या." कुणी झबलं दिलं, कुणी लुगड्याचा तुकडा. त्या पाच तुकड्यांचं आईने एक अंगडं शिवलं आणि तेच त्याच्या अंगावर घातलं. दुसऱ्यांच्या घरचं आयुष्य त्यातून याला लागावं, अशी त्यामागची समजूत.

ज्याच्या शरीराला साधी सर्दीसुद्धा परतवून लावता येत नव्हती, त्याच्या अंगावर आम्ही पाच घरांचे कपडे चढवले. हे मला पन्नास वर्षांनी कळलं. तेव्हा मात्र मी गल्लीत मिरवत होते, की मीच आणलं म्हणून.

तो चार महिन्यांत गेला. तहसिलात नोंद करायला वडील स्वतःच गेले. आल्यावर म्हणाले, कारणाच्या रकान्यात 'बुखार' लिहिलं. पहिल्याच्या वेळी 'ताप' लिहिलं होतं. एवढाच काय तो फरक.

आईने दोष घरावर ठेवला. या घरात मुलगे टिकत नाहीत, असं ती ठाम म्हणायची. म्हणून माझ्या पहिल्या बाळंतपणाला तिने मला माहेरी येऊच दिलं नाही. नवऱ्याची नोकरी इटारसीला होती, तिथेच तिने येऊन माझं केलं. मला मुलगा झाला. आम्ही घर टाळलं म्हणून आई खूश होती. आणि तो पाच महिन्यांचा होऊन गेला. घराचा काही संबंध नव्हता. ते मी माझ्याबरोबर घेऊन गेले होते.

त्याच्यानंतर दोन वर्षांनी माझी लेक झाली, गोल, गुटगुटीत, कधी शिंकसुद्धा न येणारी. आमची बदली बुऱ्हाणपूरला झाली तेव्हा ती वर्षाची होती. गाडीत बसताना नवरा मला म्हणाला, "तिकडे कुणाला माहीत नाही. हा विषय पुन्हा नको." मी बरं म्हणाले. तेव्हा ते मला मायेचंच वाटलं होतं, आणि कदाचित होतंही. पुढे आई गेली, वडील गेले, आणि लेकीच्या लग्नाआधी दोन वर्षं नवराही गेला. मग हे जाणणारी या जगात मी एकटीच उरले. निंबोल्याची मंडळी लेकीला बघायला आली तेव्हा विहीणबाईंनी सहज विचारलं होतं, "एकच पोरगी का तुमाले?" "हो, एकच," मी म्हणाले. केळीच्या बागा असलेलं चांगलं घर, शिकलेला मुलगा. 'त्यांच्यात मुलगे टिकत नाहीत' हे वाक्य एकदा बाहेर पडलं असतं, तर ते माझ्या पोरीच्या आधी तिच्या सासरी पोचलं असतं. कोणतीही आई गप्पच बसली असती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि नंतरही बराच काळ सांगत राहिले.

लेकीला मुलगा झाला हे नर्सने येऊन सांगितलं. सगळे पेढे वाटत होते. मी दुसऱ्याच दिवशी, इतक्या वर्षांची शिक्षिका, विज्ञानाच्या तासाला अंधश्रद्धेवर व्याख्यान झोडणारी, शनवाऱ्यातली पाच घरं हिंडले. "जुनं कापड मऊ असतं ना बाळाला," असं प्रत्येक दारात म्हणाले. माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांची घरं ती. सगळ्यांनी आनंदाने दिलं. मशीनवर बसून मी पाच तुकड्यांचं अंगडं शिवलं. पिवळा, फुलाफुलांचा, दोन पांढरे आणि एक निळ्या चौकडीचा. फक्त नाक टोचलं नाही, कारण ते दिसलं असतं.

पाच दारांत जाऊन मी कापड मागितलं. शेजारच्या खोलीत लेक होती, तिला एक वाक्य सांगितलं नाही.

बारशाला मी ते अंगडं बाळाला घातलं. विहीणबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, अंगड्यावरून हात फिरवला, एकेका तुकड्याच्या शिवणीवर बोट थांबलं. "हे व कायचं शिवलं विहीणबाई? पाच जातीचं?"

"फॅशन आहे हो आजकाल," मी म्हणाले. सगळ्या बायका हसल्या. विहीणबाईही हसल्या आणि त्यांनी बाळाला पाळण्यात घातलं.

नाव ठेवायची वेळ आली. लेकीने आणि जावईबापूंनी आधीच एक नाव पक्कं करून ठेवलं होतं, कुणाला न सांगता. लेकीने ते तिच्या नणंदेला सांगितलं, आणि नणंद बाळाच्या कानाशी वाकणार तेवढ्यात ते माझ्या कानावर पडलं. ते इटारसीच्या माझ्या मुलाचं नाव होतं. माझ्या पोरीने जगातल्या सगळ्या नावांतून नेमकं तेच उचललं होतं, काही माहीत नसताना.

"ते नाव नको," मी म्हणाले.

"का पण?"

"जड आहे. शाळेत मुलं चिडवतील. मी बत्तीस वर्षं मुलांची नावं हाक मारून काढली आहेत, मला विचार."

लेक म्हणाली, "आई, तू ना हद्दच करतेस. बेटा किसका है?" पण शेवटी माझाच हेका चालला. दुसरं नाव ठेवलं. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मी मनात म्हटलं, रुसू दे, निदान एक संकट टळलं.

तेव्हा बाळ छान होतं. दूध प्यायचं, झोपायचं, पंख्याकडे बघून हात उडवायचं. सव्वा महिना झाल्यावर मीच त्याला टोचायला घेऊन गेले. दंडावर क्षयाची लस टोचतात ना, ती. शाळेत मी कितीतरी मुलांच्या दंडावरचे ते वण पाहिले होते. माझ्या नातवालाही तो वण येणार याचं मला कौतुक होतं. घरी आल्यावर दंडाला हात लावू दिला नाही कुणाला.

त्यानंतर महिनाभराने तोंडातला तो पांढरा थर आणि जुलाब सुरू झाले, आणि मग डॉक्टरांची ती खोली आणि माझा तो शब्द, जे मी वर सांगितलं. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, औषध बदललं. दंडावरचा फोड सुकायचा सोडून पसरत गेला. काखेत लिंबाएवढी गाठ आली. खोकला लागला. लेकीने मोबाईलवर काय काय वाचून मला सांगावं आणि मी म्हणावं, "दात येताहेत." साडेतीन महिन्यांच्या मुलाला दात. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण इतक्या लेकरांना मी हाताळलेलं.

मग एका सकाळी त्याला श्वास घेताना छाती आत जायला लागली. इंदूरला नेलं. तिथून तीन दिवसांनी मुंबईला पाठवलं.

मुंबईच्या दवाखान्यात आम्हाला ज्यांच्याकडे नेलं त्या डॉक्टर बाई मराठी होत्या, माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी आम्हाला तिघांना, मला, लेकीला आणि जावईबापूंना, बसवून घेतलं. म्हणाल्या, रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी याच्या अंगात जन्मापासून तयारच होत नाहीत. क्षयाच्या लशीत जिवंत जंतू असतात, अगदी कमजोर केलेले. बाकी मुलांचं शरीर त्यांच्याशी लढून शिकतं. याच्याकडे लढायला कोणी नाही, म्हणून तेच जंतू अंगभर पसरले आहेत. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलात येतो. आईला स्वतःला काही होत नाही, मुली चांगल्या राहतात, मुलगे आजारी पडतात. याच्यावर इलाज आहे. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशी याला देता येतात, आईच्याही चालतील.

लेक सावरून बसली. "माझ्या द्या," ती म्हणाली. "आत्ता द्या."

डॉक्टर बाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला. मुलीसाठी गोल, मुलासाठी चौकोन, असं सांगून त्या काढायला लागल्या. खाली एक चौकोन, माझा नातू. वर एक गोल, माझी लेक. "तुम्हाला भाऊ?"

"नाही," लेक म्हणाली. "एकटीच आहे."

"तुमच्या आईला भाऊ?"

"नाही. आईपण एकटी."

ती अगदी खरं बोलत होती. तिला जे सांगितलं होतं तेच सांगत होती. डॉक्टर बाई पेन सरळ करून पुढे जायला निघाल्या.

"होते," मी म्हणाले. "मला दोन भाऊ होते. एक सात महिन्यांचा, एक चार महिन्यांचा. आणि मला हिच्याआधी मुलगा होता. पाच महिन्यांचा."

डॉक्टर बाईंनी मान वर केली नाही, ते त्यांचे माझ्यावर उपकार. त्यांनी तीन चौकोन काढले आणि तिन्ही पेनने काळे भरले. भरताना त्या कागदाचा आवाज येत होता. जावईबापू खाली बघत होते. लेक मात्र माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल. ती डॉक्टरांकडे वळली आणि म्हणाली, "पुढे काय करायचं ते सांगा."

बाहेर आल्यावर डॉक्टर बाई मला एकटीला म्हणाल्या, "आजी, अशी घराण्यात माहिती असली की आम्ही बाळ जन्मल्याबरोबरच तपासतो. ही लस देतच नाही. तीन महिन्यांच्या आत, अंगात काही शिरायच्या आधी पेशी दिल्या तर बरीच मुलं वाचतात." मग माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "अर्थात नक्की असं काहीच सांगता येत नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यासाठी जोडलं होतं. मी ते घेतलं नाही.

नातवाला काचेच्या खोलीत ठेवलं. आत फक्त आईने जायचं, तेही अंगावर झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क लावून, हात कोपरापर्यंत धुवून. लेकीच्या तपासण्या झाल्या. तिच्या पेशी अर्ध्या जुळत होत्या आणि तेवढं चालणार होतं. फक्त ताप उतरायला हवा होता. अंगातला संसर्ग जरा आटोक्यात आला की लगेच करू, असं रोज सांगत.

जवळच्या धर्मशाळेत मी एका खोलीत स्टोव्हवर लेकीचा स्वयंपाक करायची. पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची. भाजी धुऊन पुन्हा धुवायची. डब्याचं झाकण उघडायच्या आधी हात साबणाने घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली. जी सावधगिरी पहिल्या दिवसापासून घ्यायची, ती मी आता घेत होते. लेक डबा घेई, पोटभर खाई. तिला अन्न जात नव्हतं हे मला दिसत होतं, पण ती खायची, आपल्या पेशी चांगल्या असाव्यात म्हणून. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. "आई, मीठ कमी टाक." "आई, त्याचा टॉवेल उकळलास?" भांडली असती तर बरं झालं असतं.

मी काचेबाहेरून बघायची. तो बारीक झाला होता, डोळे मोठे झाले होते. मास्क लावलेल्या आईला तो ओळखायचा. ती डोळ्यांनी हसली की तो हात उडवायचा, पंख्याकडे बघून उडवायचा तसाच. मला त्याचा आवाज ऐकू येत नव्हता. मला वाटायचं, रडत असेल तर आता तेही बारीक झालं असेल.

ताप उतरला नाही. सदतीस दिवस आम्ही तो उतरायची वाट पाहिली. दोनदा तारीख ठरली, दोनदा पुढे ढकलली. मग एका दुपारी डॉक्टर बाई बाहेर आल्या, त्यांनी स्वतःचा मास्क काढला, आणि कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. लेकीने आत तिचाही मास्क काढून टाकला होता. इतक्या दिवसांनी तिने पहिल्यांदाच त्याच्या गालाला गाल लावला. मी काचेतून ते पाहिलं, आणि तेही मी पाहायला नको होतं असं मला वाटलं.

त्याला गाडीतून घेऊन आलो. तापीकाठी पुरलं. लेक तिच्या सासरी गेली, मी शनवाऱ्यात परत आले. शेजारच्या यंत्रमागांचा खटखटाट तसाच चालू होता.

आठवड्याने मी निंबोल्याला गेले. लेक आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. विहीणबाईंनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी माझे खांदे धरून मला पुन्हा बसवलं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही काय म्हणाल. पोरीला परत पाठवाल."

"परत कायले धाडली असती व? नातू त माहाच व्हता ना." त्या आत गेल्या आणि ते पाच तुकड्यांचं अंगडं घेऊन आल्या, धुऊन घडी केलेलं. "मले बारशालेच कळलं व्हतं. आमच्याकडे बी शिवता असं. मी इचारलं तुमाले. तुमी फॅशन म्हटलं." त्या अंगड्यावरून तसाच हात फिरवत होत्या. "मंग मी गप बसली. म्हटलं, विहिणीचं झाकलेलं आपून कायले उघडाव. त्यांचा अपमान व्हईन. त्या डाक्टरनं इचारलं तवा बी मी तुमच्या तोंडाकडे पाह्यलं, बोलली नाही. माही बी चुकी हाय."

आम्ही दोघी ओट्यावर बसून रडलो. दोन घरांनी एकमेकांची अब्रू जपली होती, आणि मधे त्यांचं एकच लेकरू होतं. त्यांनी अंगडं माझ्या पिशवीत ठेवलं. ठेवून घ्या असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

वर्षभर लेक माझ्याकडे आली नाही. फोन करायची, प्रकृती विचारायची, ठेवून द्यायची. तिने मला माफ करावं असं मी कधी म्हटलं नाही. मी तिच्या जागी असते तर केलं नसतं.

मग एका रविवारी ती आली. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी मुंबईच्या डॉक्टर बाईंकडे तपासण्या करायच्या होत्या, आणि त्यांनी घराण्याचा तो कागद नीट पूर्ण करून मागितला होता. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली. मांडीवर तोच कागद, काळे भरलेले चौकोन तसेच. आता चार होते. ती एकेक विचारत गेली, मी सांगत गेले. कितवा महिना, काय काय झालं होतं, टोचलं होतं का, अंगावर फोड होते का. सगळं खरं सांगितलं. आजीला भाऊ होते का, तेही तिने विचारलं. ते मला माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं.

लिहून झाल्यावर तिने पेनचं टोपण लावलं. मग म्हणाली, "त्याचं नाव काय होतं? माझ्या दादाचं."

दादा. ती तिशी ओलांडलेली बाई पहिल्यांदा तो शब्द उच्चारत होती. मी त्याचं नाव इटारसी सोडल्यापासून मोठ्याने घेतलं नव्हतं. घेतलं तेव्हा माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

तिने पेनचं टोपण पुन्हा काढलं आणि पुन्हा लावलं. तिला बारसं आठवत होतं हे मला कळत होतं, पाळणा, वाकलेली नणंद, आणि मी.

"त्या दिवशी तू उठून सांगितलंस, हे नाव नको."

"हो."

"बाराव्या दिवशी." ती बोटांवर मोजत होती, माझ्या वर्गातली मुलं मोजायची तशी, एकेक बोट दुमडून. "सुई सव्वा महिन्यानंतर टोचली. तोंडातलं ते दुसऱ्या महिन्यानंतर. म्हणजे त्या दिवशी त्याला काहीच झालेलं नव्हतं. आई, त्या दिवशी तो चांगला होता ना?"

तिला उत्तर माहीत होतं. तरी तिने माझ्याकडे बघून विचारलं, आणि मी बोलेपर्यंत नजर हलवली नाही.

"हो," मी म्हणाले. "त्या दिवशी तो अगदी चांगला होता."